उंच पिकअपमागे घोड्यांचा ट्रेलर : नाक वर राहतंय, सरळ कसा करावा?

पंचवटीकर (धागाकर्ता)

मंडळी, दोन घोड्यांचा ट्रेलर आहे. दोन ॲक्सल, दोन्ही रबर टॉर्शनचे (पाट्यांऐवजी ॲक्सलच्या नळीतलं रबर दबतं), ओव्हररन ब्रेक (ट्रेलर गाडीला रेटला की आपोआप लागणारे), ५० मिमी बॉलचा कपलर (बॉलवर बसणारी वाटी). ओढायला फोर बाय फोर पिकअप, मागच्या-पुढच्या स्प्रिंगा २ इंच उचललेल्या. हूक सध्या सरळ पट्टीचा, ड्रॉप (बॉल किती खाली घेतलाय ते माप) शून्य.

मापं अशी: गाडी रिकामी असताना बॉलचा मध्य जमिनीपासून ५९० मिमी. ट्रेलर सुटा, पुढच्या टेकण-चाकावर सरळ केल्यावर कपलरच्या वाटीचा मध्य ४३० मिमी. म्हणजे १६० मिमीचा फरक. बॉलपासून दोन ॲक्सलच्या मधोमधपर्यंत ३.२ मीटर, दोन ॲक्सलमध्ये ७५ सेमी. रिकामा ट्रेलर ९०० किलो, घोडे साधारण ४०० किलोचे, चारा-सामान ५० किलो. प्रत्येक ॲक्सलची क्षमता प्लेटवर १००० किलो.

दत्तजयंतीच्या सुमारास नाशिकहून सारंगखेड्याच्या घोडेबाजाराला जायचंय. चांदवड, मालेगाव, धुळे असा रस्ता, म्हणजे वाटेत राहुड घाट. हूक खाली घ्यावा, ट्रेलर वर घ्यावा, की एवढा फरक चालून जातो? फॅब्रिकेटर ॲक्सलवर ४ इंची ठोकळे टाकायला सांगतोय.

यूबोल्ट_सातपूर

चालून जात नाही. आणि ठोकळे तर मुळीच नकोत, त्याचं कारण पुढे लिहितो.

पण दादा, तुमची दोन्ही मापं रिकाम्या गाडीची आहेत. घोडे चढले की पिकअपचा मागचा भाग बसतो आणि ट्रेलरही त्याच्या रबरावर बसतो. दोन्ही सारखे बसत नाहीत. आधी भरलेली मापं घ्या, हूक त्यानंतर. रिकाम्या मापावर हूक आणला की एक तर दुसरा आणावा लागतो, नाहीतर आहे तोच "बरा आहे" म्हणत वापरला जातो.

गवंडीकाम

मापासाठी घोडे उभे करायची गरज नाही. पेंडीची ५० किलोची १६ पोती घ्या, झाले ८०० किलो. फक्त पोती मधोमध रचू नका. घोड्याचं साधारण ६० टक्के वजन पुढच्या पायांवर असतं, तेव्हा प्रत्येक घोड्याच्या जागी ५ पोती पुढच्या खुरांच्या ठिकाणी आणि ३ मागच्या खुरांच्या ठिकाणी. तोबरे, पाण्याचे कॅन, खोगीर जिथे ठेवता तिथेच ठेवा.

मग ट्रेलर सुटा असतानाच टेकण-चाकाने नाक वर-खाली करून चॅसी जमिनीला समांतर करा आणि वाटीचा मध्य मोजा. हे झालं ट्रेलरचं भरलेलं माप. पिकअपच्या हूकवर तीन पोती, म्हणजे १५० किलो, बॉलच्या अगदी वर येतील अशी दोरीने बांधा, टाकी भरलेली ठेवा, गाडीत एरवी बसणारी माणसं बसवा, आणि बॉलचा मध्य पुन्हा मोजा. हे गाडीचं भरलेलं माप. या दोन आकड्यांतला फरक म्हणजे तुमचा ड्रॉप.

गवंडीकाम

एक राहिलं. पाणसळ ठेवून "सरळ आहे" म्हणण्यात लोक फसतात. तुम्हाला ट्रेलर पृथ्वीशी सपाट नकोय, ज्या फरशीवर गाडी आणि ट्रेलर उभे आहेत त्या फरशीशी समांतर हवाय. अंगणातल्या कोब्याला पाणी जाण्यासाठी ढाळ दिलेला असतो. शंभराला एक ढाळ धरला तरी ३.२ मीटरवर ३२ मिमी चुकतात, म्हणजे सव्वा इंच.

तेव्हा पाणसळ बाजूला ठेवा आणि टेपने चॅसीच्या खालच्या कडेपासून जमिनीपर्यंत मोजा. एक बिंदू पुढे, एक मागे, मध्ये किमान ३ मीटर. डावी-उजवी दोन्हीकडे. दोन्ही मापं सारखी आली की समांतर. फरशीला मध्येच पोट किंवा खळगा आहे का हे पाहायचं असेल तर लेव्हल पाईप: ८ मीटर पारदर्शक नळी, पाण्यात चिमूटभर नीळ, आणि बुडबुडे पूर्ण काढलेले. एक बुडबुडा नळीत अडकला की पाण्याची पातळी खोटं बोलते.

दांड्यावर माप घेऊ नका. बऱ्याच ट्रेलरचा दांडा मुळातच चॅसीपासून खाली किंवा वर वाकवलेला असतो. माप चॅसीचं किंवा घोडा उभा राहतो त्या तळाचं.

ट्रॉलीवाला_निफाड

आमच्याकडे कांद्याच्या ट्रॉल्या वर्षानुवर्षं नाक वर करून चालल्यात, काही होत नाही.

यूबोल्ट_सातपूर

भाऊ, ट्रॅक्टरची ट्रॉली आणि हा ट्रेलर यांची तुलना होत नाही. तिथे पिन आणि कडी असते, वर-खाली खेळ भरपूर. ट्रॅक्टरचा वेग कमी. कांद्याला तोल सांभाळायचा नसतो. आणि दोन चाकी ट्रॉलीला एकच ॲक्सल, त्यामुळे नाक कितीही वर असलं तरी सगळा भार त्याच दोन चाकांवर. इथे दोन ॲक्सल आहेत आणि खरी गोम तिथेच आहे.

कमानपाट्यांच्या दोन ॲक्सल ट्रेलरला दोन पाट्यांच्या मध्ये बॅलन्सर असतो. नाक वर गेलं तरी तो बराचसा भार दोन्ही ॲक्सलवर वाटून देतो. टॉर्शनला बॅलन्सर नसतो, प्रत्येक ॲक्सल स्वतंत्र. नाक वर गेलं की पुढची चाकं लोंबतात आणि मागची दबतात.

भुईकाटा

आकडेमोड करून बघू. धागाकर्ते, भरलेलं माप आलं का?

पंचवटीकर

काल घेतलं, गवंडीकाम यांनी सांगितलं तसंच. ट्रेलर भरून समांतर असताना वाटीचा मध्य ४०५. हूकवर १५० किलो टाकल्यावर बॉलचा मध्य ५६०. म्हणजे फरक १५५ मिमी. पोती होतीच म्हणून तसाच जोडून पाहिला, तर बॉल ५५२ वर आला.

भुईकाटा

छान. ८५० किलो टाकल्यावर ट्रेलर २५ मिमी बसला. म्हणजे दोन्ही ॲक्सल मिळून मिमीला ३४ किलो, एकेक ॲक्सल मिमीला १७ किलो.

सध्या जोडल्यावर नाक ५५२ वजा ४०५, म्हणजे १४७ मिमी वर. ३.२ मीटरमध्ये १४७, साधारण ४.६ टक्के चढ. दोन ॲक्सलमधल्या ७५ सेमीत तो ३४ मिमी होतो. म्हणजे पुढचा ॲक्सल १७ मिमी सुटतो, मागचा १७ मिमी दबतो. १७ गुणिले १७ म्हणजे एका ॲक्सलवरून साधारण २९० किलो उतरतात आणि दुसऱ्यावर तेवढेच चढतात. मागचा ॲक्सल हजाराच्या वर जाणार, प्लेटवर लिहिलंय १०००.

माझा शब्द धरू नका, भुईकाट्यावर नेऊन बघा. हाताच्या काकणाला आरसा कशाला. फक्त काटा जमिनीच्या पातळीत बसवलेला, खड्ड्यातला हवा. रॅम्प चढून जायचा काटा या कामाला नको, तिथे गाडी आणि ट्रेलर वेगवेगळ्या उंचीवर येतात आणि आकडे बिघडतात. चार वजनं घ्या:

पहिलं, पिकअप एकटी. दुसरं, ट्रेलर जोडून, पण काट्यावर फक्त पिकअपची चारही चाकं. तिसरं, पुढे सरकून ट्रेलरचा पुढचा ॲक्सलही काट्यावर. चौथं, सगळंच काट्यावर. दुसऱ्यातून पहिलं वजा केलं की हूकवरचं वजन. तिसऱ्यातून दुसरं, पुढचा ॲक्सल. चौथ्यातून तिसरं, मागचा ॲक्सल.

प्रत्येक वेळी गाडी न्यूट्रलमध्ये आणि ब्रेक सोडून आकडा घ्या. ब्रेक दाबलेला असेल तर गाडी आणि ट्रेलर एकमेकांना ताणून धरतात आणि आकडा सरकतो. काट्याची वाढ १० किलोची असेल तर हूकचं वजन १० किलो इकडे-तिकडे धरा.

घाटवळण

नाक वर म्हणजे हूकवरचं वजन कमी, आणि वजन कमी म्हणजे ट्रेलर डुलतो, हेच मुख्य कारण ना? इथे वेगळंच चाललंय.

भुईकाटा

एक ॲक्सल असेल किंवा बॅलन्सर असेल तर तुमचं बरोबर. नाक वर गेलं की घोड्यांचं वजन मागे झुकतं, हूक हलका होतो, ट्रेलर डुलायला लागतो.

बिनबॅलन्सरच्या टॉर्शनमध्ये दोन गोष्टी एकमेकींच्या विरुद्ध चालतात. वजन मागे झुकल्याने हूक थोडा हलका होतो खरा. पण दबलेला मागचा ॲक्सल ट्रेलरचं शेपूट वर ढकलतो आणि त्यामुळे नाक खाली दाबलं जातं. सोप्या भाषेत, गाडीने ट्रेलरचं नाक जबरदस्तीने उचलून धरलंय आणि तो जोर हूकवर येतो. माझ्या अंदाजाने या ट्रेलरला हूकवरचं वजन कमी नाही, जास्तच निघेल.

पंचवटीकर

पिंपळगावकडच्या काट्यावर जाऊन आलो. पिकअप एकटी २०६०. नंतर २२४०, २७३०, ३८१०.

म्हणजे हूकवर १८०, पुढचा ॲक्सल ४९०, मागचा १०८०. भुईकाटा, तुम्ही म्हणालात तसंच निघालं.

भुईकाटा

आता कपलरवरची छोटी प्लेट वाचा. त्यावर 'एस' अक्षरापुढे एक आकडा असतो. हूकवर उभं किती वजन चालेल ते.

पंचवटीकर

प्लेट चिखलाने भरलेली होती, तारेच्या ब्रशने साफ केली. एस १५० किलो.

भुईकाटा

मग तीन ठिकाणी गडबड आहे. मागचा ॲक्सल ८० किलोने जास्त, कपलर ३० किलोने जास्त, आणि पुढच्या चाकांवर निम्मंच वजन असल्याने ब्रेक लागला की ती आधी लॉक होऊन घासणार. राहुड घाट उतरताना हेच जड जातं: पुढचे ब्रेक निकामी, आणि मागचे सगळा भार घेऊन तापणार.

पागा_देवळाली

घोड्याच्या बाजूने लिहिते. ४.६ टक्के चढ ऐकायला किरकोळ वाटतो. घोड्याच्या पुढच्या आणि मागच्या खुरांत साधारण १.२ मीटर अंतर असतं, म्हणजे पुढचे पाय मागच्यांपेक्षा साडेपाच सेमी वर. तुम्ही विटेवर पुढचे पाय ठेवून तासन्‌तास उभे राहा, वर दर वळणाला कुणीतरी ढकलतंय, असं समजा. घोडा मागच्या मांड्यांवर बसल्यासारखा उभा राहतो, घाम येतो, मागच्या आडव्या दांडीला टेकतो आणि शेवटी लाथा सुरू होतात. गाडी वेग घेताना तो आणखी मागे जातो. प्रवासात घोडा तोल मुख्यतः मान खाली-वर करून सांभाळतो, म्हणून दोरी इतकी ठेवा की मान पोटाच्या पातळीपर्यंत खाली नेता येईल, पण पाय अडकणार नाही.

तळ समांतर, किंवा पुढे केसभर खाली, हे घोड्याला मानवतं. पुढे केसभर वर कधीच नाही.

कागदपत्र_१५

दोन गोष्टी कायद्याच्या. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे आरसीवरचा मूळ तपशील बदलेल असा बदल परवानगीशिवाय करता येत नाही. रिसीव्हरमध्ये (गाडीमागची चौकोनी नळी) पिन टाकून बसणारा ड्रॉप हूक काढता-घालता येतो, पण ट्रेलरचा ॲक्सल कापून उंची बदलणं हा वेगळा विषय आहे, आधी आरटीओत विचारा. दुसरं, जनावरं वाहतूक नियम १९७८ मध्ये घोडे नेणाऱ्या गाडीला ताशी ३५ किमीची मर्यादा आहे, तळ घसरणार नाही अशी अंथरणीही हवी. नाशिक ते सारंगखेडा हा वेग धरून वेळ काढा, वाटेत पाणी आणि थांबा धरून.

यूबोल्ट_सातपूर

आता उपाय. १५५ मिमी म्हणजे बाजारातला ६ इंची ड्रॉप, १५२ मिमी. ३ मिमी उरतात, ते सोडून द्या.

ड्रॉप मोजायची रीत सांगतो, कारण विकणारे आणि घेणारे दोघे इथे घोळ घालतात. रिसीव्हरमध्ये जाणाऱ्या चौकोनी शँकच्या वरच्या कडेपासून, बॉल ज्या पट्टीवर बसतो त्या पट्टीच्या वरच्या कडेपर्यंत. टोकापासून टोकापर्यंत नाही. तुमचा सध्याचा हूक शून्य ड्रॉपचा आहे म्हणून १५५ तसंच लागू होतं. सध्याचा हूक आधीच १ इंच खाली असता तर तो इंच मिळवावा लागला असता.

घेताना हे बघा: शँक २ इंची रिसीव्हरचा, पिन ५/८ इंच म्हणजे १६ मिमी, पिनला आर-क्लिप किंवा कुलूप. हूकवर ठोकलेली क्षमता, ओढायची १७५० किलोच्या वर आणि उभी १५० किलोच्या वर. ड्रॉप जितका जास्त तितका रिसीव्हरवर मुरडा जास्त, म्हणून एकाच बनावटीत लांब ड्रॉपची क्षमता बहुधा कमी लिहिलेली असते. कॅटलॉगातला पहिला आकडा बघून घेऊ नका, ६ इंची ओळ शोधा.

बॉल ५० मिमीचाच. २ इंची बॉल ५०.८ मिमी असतो. तो ५० मिमीच्या कपलरमध्ये पूर्ण बसत नाही, कुलूप लागल्यासारखं दिसतं पण लागलेलं नसतं. उलट ५० चा बॉल २ इंची कपलरमध्ये खुळखुळतो आणि खड्ड्यात उसळतो. ०.८ मिमी डोळ्याला दिसत नाही. व्हर्नियरने मोजा.

ट्रॉलीवाला_निफाड

आहे ती पट्टी कापून मध्ये १६ मिमीची प्लेट वेल्ड केली तर? आपल्या अंबड-सातपूरला एका दिवसात होईल.

यूबोल्ट_सातपूर

होईल, पण करू नका. ओढताना बॉलवर मागे खेच येते आणि उभी प्लेट खालून मागे वाकायला बघते. ब्रेक लागला की ट्रेलर पुढे रेटतो आणि तीच प्लेट उलटी वाकते. हा उलटा-सुलटा जोर सगळा येतो शँक आणि प्लेटच्या आतल्या कोपऱ्यात, शँकच्या खालच्या अंगाला. नेमकी तिथेच तुमची वेल्डिंग. वेल्डच्या कडेला लोखंड तापून बदललेलं असतं आणि चीर तिथून सुरू होते. रंगाखाली ती दिसत नाही, गंजाची बारीक तांबूस रेघ दिसली तर नशीब. मागे दोन जिवंत घोडे आहेत, तिथे क्षमता न ठोकलेला हूक लावायचा नाही.

घाटवळण

पिकअपच्या मागे एअर बॅग किंवा जादा पाटा टाकला तर?

यूबोल्ट_सातपूर

रोग रेड्याला आणि औषध पखालीला. एअर बॅगने पिकअपचं बसणं थांबेल, म्हणजे बॉल ५६० ऐवजी ५९० लाच राहील. फरक १५५ चा १८५ होईल आणि ६ ऐवजी ७ इंची ड्रॉप लागेल. गाडी फारच बसत असेल, हेडलाइट वर मारत असेल, तर त्याचा विचार वेगळा करा. इथे ३० मिमी बसते, ते ठीक आहे.

आता ठोकळ्यांचं. टॉर्शन ॲक्सल चॅसीला बोल्टने बसतो. मध्ये १०० मिमीचे ठोकळे घातले तर ट्रेलर सपाट होईल, हे खरं. पण ॲक्सलवरचा आडवा जोर, वळणावरचा आणि ब्रेकचा, त्या बोल्टांवर जास्त लांबीच्या तरफेने येतो. त्यात घोड्यांचं वजन मुळातच उंच असतं, ते आणखी १० सेमी वर जाईल. ठोकळे घालायचीच वेळ आली तर ५० मिमीपर्यंत, तेही एकसंध चौकोनी पाइप पूर्ण लांबीचा, ८.८ ग्रेडचे बोल्ट, आणि ब्रेकच्या केबलला ताण येत नाही ना ते चाकं लोंबकळत ठेवून बघायचं.

कमानपाट्यांच्या ट्रेलरला लोक पाटा ॲक्सलखालून वर आणतात. तिथे नुसतं ॲक्सल उलटं करून चालत नाही. ॲक्सलला वरच्या बाजूला हलका बाक दिलेला असतो. उलटा केला की चाकं खालून बाहेर आणि वरून आत होतात आणि टायर आतून खातो. ॲक्सल आहे तसा ठेवून वरच्या अंगाला नवी बैठक वेल्ड करावी लागते.

पागा_देवळाली

रॅम्पही विसरू नका. तळ ४५ सेमी वर आणि रॅम्प दीड मीटरचा असेल तर चढ १७ ते १८ अंश. तळ १० सेमी वर गेला की साडेएकवीसच्या आसपास. जुना घोडा चढेल, बछडा रॅम्पच्या तोंडाशी अडून बसेल. हूक खाली घेण्याने रॅम्पला काहीच होत नाही, हा त्याचा मोठा फायदा.

घाटवळण

पण ६ इंच खाली घेतल्यावर हूक गतिरोधकाला घासणार नाही का? गावांतून जाताना एकेक गतिरोधक म्हणजे बांध असतो.

यूबोल्ट_सातपूर

हिशोब करा. बॉलचा मध्य भरलेल्या स्थितीत ४०८. बॉलची मान साधारण ४० मिमी, म्हणजे पट्टीची वरची कड ३६८. पट्टी २० मिमी, खाली नट आणि आटे ३५ ते ४०. सगळ्यात खालचा बिंदू ३१० मिमी. उंच गाडी असल्याने अजूनही बऱ्याच मोटारींच्या पोटाहून वरच आहे. घासेल ती दुसरी गोष्ट: ट्रेलरचं टेकण-चाक. नाक खाली आलं की तेही खाली येतं. पूर्ण वर ओढून नळी कडीत घट्ट आवळा, आणि चाकाची दिशा अशी ठेवा की ते ब्रेकच्या रॉडला टेकणार नाही. टेकलं तर ब्रेक अर्धवट लागून राहतो.

ट्रेलर सुटा करताना हूक रिसीव्हरमधून काढून गाडीत टाका. रिकाम्या गाडीमागे ६ इंच लोंबणारा हूक म्हणजे पार्किंगमध्ये दुसऱ्याच्या नडगीला निमंत्रण.

भुईकाटा

ओव्हररनचंही सांगा की.

यूबोल्ट_सातपूर

हो. ओव्हररन ब्रेकमध्ये कपलरचा दांडा नळीत आत सरकतो आणि ब्रेकचा रॉड ओढतो. नाक वर असेल तर दांडा तिरका सरकतो, बुश एका बाजूने झिजतात आणि ब्रेक उशिरा आणि दणक्यात लागतो. युरोपी ट्रेलर भरलेल्या स्थितीत बॉलचा मध्य ३५० ते ४२० मिमीवर येईल असे बनतात. तुमचा ४०५ त्यातच बसतो. म्हणजे चूक ट्रेलरची नाही, गाडी उंच आहे. दुरुस्ती गाडीकडून व्हावी, हेही त्यातूनच निघतं.

नवा हूक लावल्यावर नळीवरचा रबरी बूट फाटलेला नाही ना ते पाहा आणि दोन्ही ग्रीस निपलमध्ये ग्रीस भरा. ब्रेक ॲडजस्ट करताना चाक नेहमी पुढच्या दिशेनेच फिरवा. उलटं फिरवलं की रिव्हर्सची यंत्रणा शू ढिले करते आणि माप चुकतं.

पागा_देवळाली

ब्रेकअवे केबल (ट्रेलर सुटला तर त्याचे ब्रेक ओढणारी) नव्या हूकच्या बॉलभोवती गुंडाळू नका. हूकच निसटला तर केबल त्याच्याबरोबर जाईल आणि ब्रेक लागणारच नाही. गाडीच्या पक्क्या कडीला लावा. नाक खाली आल्याने केबल आणि लाइटची वायर लोंबतील. वळताना ताण नको आणि सरळ जाताना रस्त्याला घासायला नको, एवढी ढील ठेवा. गाडी पूर्ण उजवीकडे आणि पूर्ण डावीकडे वळवून बघा.

आणि एकच घोडा नेणार असाल तर त्याला उजव्या खणात उभा करा. आपला रस्ता डावीकडे ढळलेला असतो, डाव्या खणात एकटा घोडा ठेवला तर ट्रेलर सारखा कडेला ओढतो.

घाटवळण

हूकवर एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के हवं असं वाचलंय. १७५० चे १७५ झाले, मग १८० बरोबरच होतं की!

भुईकाटा

तो आकडा अमेरिकी बनावटीच्या ट्रेलर आणि हूकचा. त्यांचे कपलर आणि गाड्या त्या हिशोबाने बनतात. इथे प्लेटवर १५० लिहिलंय, प्लेट शेवटची. आणि १८० मधले काही किलो हे खरं वजन नाहीच, तो उचललेल्या नाकाचा जोर आहे. सरळ केल्यावर खरं किती ते कळेल.

पंचवटीकर

६ इंची हूक बसवला. पोती तशीच, काटा तोच. आकडे: २०६०, २२००, ३०००, ३८१०.

हूकवर १४०, पुढचा ॲक्सल ८००, मागचा ८१०. चॅसी मागे-पुढे मोजली, ३ मीटरमध्ये २ मिमीचा फरक. एकूण वजन तेच ३८१०, फक्त वाटणी बदलली. सर्वांचे आभार. आता प्रश्न एवढाच, रिकामा ट्रेलर ओढताना नाक खाली जाईल का?

गवंडीकाम

रिकाम्या ट्रेलरचं हूकवर वजन कमी, समजा ८० किलो. पिकअप १५० ला ३० मिमी बसते, तर ८० ला १६. बॉल ५७४ वजा १५२, म्हणजे ४२२. ट्रेलरला हवेत ४३०. ८ मिमी नाक खाली, ते चालतं. २० मिमीपर्यंत खाली असलं तरी काळजी नाही.

यूबोल्ट_सातपूर

वाटेत काय तपासायचं तेवढं लिहितो. निघाल्यावर २० किमीवर थांबून बॉलचा नट आणि चाकांचे नट पुन्हा आवळा. नव्या हूकचा रंग नटाखाली दबतो आणि नट ढिला होतो, म्हणून नटाखालचा रंग आधीच खरवडलेला बरा. राहुड घाट उतरून पायथ्याशी थांबलात की चारही हबांजवळ हात न्या. चारही सारखे कोमट असतील तर ब्रेक वाटून लागताहेत. एखादंच हब जवळ हात धरवणार नाही इतकं तापलं असेल तर त्या चाकाचा ब्रेक अडकलाय किंवा बेअरिंग आवळलंय. पाणी मारू नका, गार होऊ द्या आणि चाक उचलून हाताने फिरवून बघा.

पागा_देवळाली

आणि हब बघायच्या आधी घोडे बघा. मागच्या दांडीला टेकून उभे असतील तर टेप पुन्हा काढा.